तार अडते कुठे?

इलेक्ट्रिक गिटारच्या सहा तारा मिळून लाकडाला साधारण ४६ किलोच्या जोराने ओढत असतात. ०.०१० इंचापासून सुरू होणारा तारांचा नेहमीचा संच, नट ते ब्रिज ६४८ मिलिमीटर लांबी आणि नेहमीचं ट्यूनिंग धरलं की हा आकडा येतो. सर्वांत बारीक तार एकटीच सात किलोंच्या वर ताणलेली असते, आणि एवढ्या ताणाने ती जेमतेम साडेचार मिलिमीटर लांबलेली असते. तिचा सगळा सूर त्या साडेचार मिलिमीटरांत आहे. त्यातला एक दशांश मिलिमीटर कुठे सरकला तर सूर जवळजवळ वीस सेंट हलतो. एका फ्रेटपासून पुढच्या फ्रेटपर्यंतच्या सुरांच्या अंतराचे शंभर भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक सेंट. तयार कानाला पाच-सहा सेंटही खटकतात. वीस तर कुणालाही कळतात.

मी पुण्यात गिटार दुरुस्त करतो. शिक्षण मेकॅनिकलच्या डिप्लोमाचं. आधी काही वर्षं भोसरीत एका टूलरूममध्ये काम केलं, मग हळूहळू हाच व्यवसाय झाला. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांची तक्रार एकच असते : "दादा, ट्यूनिंग राहत नाही." कुणी ट्यूनरला, म्हणजे गिटारच्या खुंट्यांना, दोष देतो, कुणी तारांना, कुणी पावसाला. मी गिटार हातात घेतो तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न असतो. तार अडते कुठे? इतक्या वर्षांत या प्रश्नाने मला क्वचितच फसवलंय. पुढे वाचताना असंही दिसलं, की इलेक्ट्रिक गिटारचे ब्रिज, म्हणजे तिच्या घोड्या, ज्यांनी घडवल्या त्यांनीही, एकापाठोपाठ एक, हाच प्रश्न सोडवत नेला आहे.

हा प्रश्न माझ्यात रुजला तो मात्र गिटारच्या आधी. माझी आत्या गायची. तिचा तंबोरा मिरजेचा होता. तो लावायला बसली की खुंटी पिरगाळून ती तार सुराच्या जवळ आणायची, आणि उरलेलं काम मण्यावर सोपवायची. घोडीच्या पलीकडे, तार जिथे तुंब्याच्या टोकाशी बांधलेली असते त्या भागात, तारेत मणी ओवलेला असतो. तो खाली सरकवला की सूर किंचित चढतो, वर घेतला की उतरतो. मणी सरकवायचं काम माझ्याकडे असायचं. "थांब. अजून थोडा. बास." या तीन आज्ञांवर मी शिकलो, की एकाच तारेला ताण देण्याच्या दोन जागा असू शकतात, एक ढोबळ आणि एक नाजूक. खुंटी सैल पडू लागली की आत्या तिला खडू लावायची आणि भोकात घट्ट दाबून बसवायची. घोडीवर तारेखाली सुताचा धागा मात्र ती अगदी हलक्या हाताने सरकवायची. तार कुठे पक्की धरायची आणि कुठे मोकळी सोडायची, याचा तिचा हिशेब अचूक होता. तो यंत्राच्या भाषेत मांडता यायला मला पुढे बराच काळ लागला.

माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची, साधी, जुन्या बाजारातून घेतलेली होती. तिला व्हॅमी बार होता. बार दाबला की तारा सैल पडून सूर खाली जातो, सोडला की वर येतो. येतो म्हणजे, यायला हवा. माझ्या गिटारवर 'जी' (G) ही तार कधीच पूर्ण परत येत नसे. ती थोडी चढीच राहायची. तेव्हा टूलरूममध्ये नवा होतो आणि कोणत्याही हलणाऱ्या भागावर खूण करून पाहायची सवय हाताला लागली होती. बारीक मार्करने मी नटजवळ प्रत्येक तारेवर एक रेघ काढली. नट म्हणजे नेकच्या टोकाची ती खाचांची पट्टी. बार दाबला, रेघा ट्यूनरच्या दिशेने सरकल्या. बार सोडला, पाच रेघा जागेवर आल्या. 'जी'ची रेघ मात्र आली नाही. भिंगातून पाहिलं तेव्हा रेघ आणि तिची मूळ जागा यांच्यामध्ये केवळ एक बारीक फट दिसत होती. मग तार बोटाने हलकेच वर ओढली, नटवर 'टिंक' असा आवाज झाला, रेघ जागेवर आली आणि सूरही आला. तार नटच्या खाचेत अडकून बसत होती. खाच तारेच्या मापाने रुंद केली, तिचा तळ गुळगुळीत केला, पेन्सिलीच्या शिशाची पूड घातली, आणि तक्रार बरीचशी संपली.

त्या रेघांनी मला एक गोष्ट समजावली. तार पक्की धरलेली असली तर सूर टिकतो. पूर्ण मोकळी सरकत असली तरी टिकतो. बिघडतो तो अर्धवट अडलेल्या तारेचा सूर. जाताना सरकली आणि येताना अडली, की दोन्ही बाजूंचा ताण वेगवेगळा राहतो.

या नजरेने ब्रिजचा इतिहास वाचला की तो फार सुसंगत वाटतो. १९३० च्या दशकात डॉक कॉफमन यांचा सूर लहरवणारा व्हायब्रोला होता. तो हलवल्यावर सूर जागेवर परतत नसे. मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकाने आपला तसला व्हायब्रोला दुरुस्तीसाठी पॉल बिग्जबी यांच्याकडे नेला आणि बिग्जबींनी दुरुस्तीऐवजी स्वतःची नवी रचना घडवली. तिच्यात तारा एका फिरत्या दांड्यावर बांधलेल्या असतात. दांडा हलका फिरतो, सूर मंद लहरतो, फार देखणा लहरतो. पण तारा ब्रिजवरून घासत पुढे-मागे जातात, म्हणजे अडण्याची जागा नटवर एक आणि ब्रिजवर एक, अशा दोन.

लिओ फेंडर यांनी ब्रिजवरची जागा काढून टाकली. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवणारा हा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवर त्यांनी तारेचं टोक आणि तार जिच्यावर टेकते ती सॅडल, दोन्ही एकाच तुकड्यावर बसवली. बार दाबला की दोन्ही एकदमच झुकतात, त्यामुळे तार सॅडलवर जवळजवळ घासत नाही. खाली पोलादी ठोकळा, त्याला मागच्या खणात स्प्रिंगा. एका बाजूने तारा ओढतात, दुसऱ्या बाजूने स्प्रिंगा, आणि ब्रिज दोन्हींच्या मध्ये तोलून राहतो. फार मोठा विचार आहे हा. ब्रिज घट्ट खिळलेला नाही, तरीही त्याची जागा ठरलेली आहे, कारण दोन ओढींचा समतोल त्या एकाच जागी होतो. त्यानंतर अडण्याच्या दोन जागा उरल्या : नट, आणि ब्रिज ज्या सहा स्क्रूंवर झुकतो ते स्क्रू.

त्या दोन्ही जागा सोडवल्या फ्लॉइड रोझ यांनी. हा तरुण रॉक बँडमध्ये वाजवायचा आणि जोडीला दागिने घडवायचा, त्यामुळे बारीक धातुकामाची हत्यारं त्याच्या हाताशी होती. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने नटवर तारा सरळ जखडूनच टाकल्या. वरून चाप, त्यावर स्क्रू. खाचेत सरकणंच बंद झालं की अडणंही बंद. ब्रिजच्या बाजूला तारेचा गोल मणी कापून टाकायचा आणि तार सॅडलमध्ये चापात दाबून बसवायची, म्हणजे तिथेही सरकायला वाव नाही. सहा स्क्रूंच्या जागी दोन खांब आले आणि ब्रिजच्या पुढच्या कडेला दोन धारा दिल्या. सराफाच्या काट्याची दांडी जशी धारेवर टेकलेली असते, म्हणूनच गुंजभर वजनालाही हलते आणि वजन काढलं की नेमकी जागेवर येते, तसा हा ब्रिज. १९७९ मध्ये त्याला पेटंट मिळालं. एडी व्हॅन हॅलन यांच्यासारख्या वादकांनी तो वापरला आणि गिटार वाजवण्याची एक नवीच तऱ्हा जन्माला आली. तारा लोंबेपर्यंत बार खाली दाबायचा, सूर पाताळात न्यायचा, सोडायचा आणि पुढचा स्वर स्वच्छ घ्यायचा.

नट जखडल्यावर एक नवी अडचण आली. ट्यूनर निरुपयोगी झाले. म्हणून पुढे ब्रिजच्या मागच्या टोकाला प्रत्येक तारेसाठी एक छोटा फिरता स्क्रू आला, फाइन ट्यूनर. आधी ट्यूनरने सूर जवळ आणायचा, नट आवळायचा आणि उरलेली बारीक दुरुस्ती ब्रिजवर करायची. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आत्याचा मणी आठवला आणि मन भरून आलं. मिरजेच्या कारागिरांनी आणि अमेरिकेतल्या एका दागिने घडवणाऱ्याने, एकमेकांना न ओळखता, ढोबळ काम एका टोकाला आणि नाजूक काम दुसऱ्या टोकाला, अशी एकच वाटणी केली होती.

पहिली फ्लॉइड रोझ ऐकली ती मुंबईत, धोबी तलावच्या रंगभवनात, इंडिपेंडन्स रॉकच्या वेळी. ऑगस्ट महिना, उघडं प्रेक्षागृह, हवा दमट आणि चिकट. एका बँडचा गिटारवादक प्रत्येक गाण्याआधी ट्यूनरशी झगडत होता. त्याच्यानंतरच्या बँडमध्ये एकाने बार असा काही वापरला, की मी श्वास धरून बसलो. आता याची गिटार गेली, असं वाटलं. पण पुढच्या कॉर्डचे सगळे स्वर जागच्या जागी होते. कार्यक्रम संपल्यावर मी मंचाजवळ गेलो. त्याने फार आपलेपणाने गिटार हातात दिली आणि म्हणाला, "बघ ना, लॉक आहे वरती." नटवरचे ते तीन छोटे चाप मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिले. परतीच्या गाडीत डोक्यात दुसरं काहीच नव्हतं.

या ब्रिजची एक अट आहे, आणि ती समजून न घेणाऱ्यांना तो फार छळतो. समतोल सगळ्यांचा मिळून असतो. एक तार चढवली की ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि बाकीच्या पाच उतरतात. त्या चढवाव्यात तर पहिली उतरते. एक तार तुटली की स्प्रिंगांचा जोर वरचढ होतो आणि उरलेल्या पाचही चढतात. वाजवताना एका तारेवर बेंड घेतला, म्हणजे ती बोटाने ढकलून सूर चढवला, तर शेजारची धरून ठेवलेली तार खाली जाते. नवखा माणूस तासभर खुंट्या पिळतो आणि शेवटी गिटार खोक्यात ठेवून देतो. अशा खोक्यांतल्या गिटारी माझ्याकडे खूप येतात.

माझी पद्धत साधी आहे. मागचं झाकण काढतो. ब्रिजचा ठोकळा आणि खणाची भिंत यांच्यामध्ये नेमक्या जाडीचा लाकडी तुकडा बसवतो, असा की ब्रिजचा तळ गिटारच्या पृष्ठभागाला समांतर राहील. आता ब्रिज हलू शकत नाही. या अवस्थेत सगळ्या तारा, नीट ताणून घेतलेल्या, सुरात लावतो. एकीमुळे दुसरी बिघडत नाही, म्हणून हे काम लवकर होतं. मग स्प्रिंगा ज्या पंजाला अडकवलेल्या असतात त्याचे दोन स्क्रू हळूहळू आवळत जातो. स्प्रिंगांचा जोर तारांच्या जोराइतका झाला की मधला तुकडा आपोआप सैल होऊन हातात येतो. तो क्षण मला अजूनही आवडतो. तुकडा निघाला तरी सूर तिथेच असतो, कारण आता दोन्ही बाजू सारख्या ओढत असतात. त्यानंतर ३ मिलिमीटरच्या ॲलन कीने नटचे चाप आवळायचे, आवळताना सूर थोडा चढतो तो फाइन ट्यूनरने उतरवायचा, आणि बार दहा-बारा वेळा खालवर करून पाहायचा. जाड तारांचा संच लावायचा असेल तर सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो, कधी एक स्प्रिंग वाढवावी लागते.

एवढं करूनही सूर परत येत नसेल तर मी धारा तपासतो. खांबाशी सतत घासून त्या बोथट होतात, त्यांना खाचा पडतात, आणि ब्रिजला बसायला एकाऐवजी दोन-तीन जागा मिळतात. दर वेळी तो निराळ्या जागी बसतो. स्वस्त ब्रिजचं पोलाद मऊ असतं, तिथे हे लवकर होतं. तारांचा पूर्ण ताण असताना खांब वरखाली फिरवून उंची बदलली तरी धार दुखावते. म्हणून उंची बदलायची तर आधी तारा उतरवा, असं मी प्रत्येकाला समजावून सांगतो. किनाऱ्यालगतच्या गावांतून येणाऱ्या गिटारींवर तर धारांना गंज चढलेला असतो, स्प्रिंगा लाल झालेल्या असतात. खाऱ्या हवेत वाजवणाऱ्याने दर काही दिवसांनी कोरड्या फडक्याने ब्रिज पुसला आणि खांबांशी तेलाचा एक थेंब दिला, तरी त्याचं आयुष्य कितीतरी वाढतं.

पाऊस हे आपल्याकडचं खरंच मोठं कारण आहे. मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर असते. लाकूड ती शोषून घेतं, नेकचा बाक बदलतो, तारांचा ताण बदलतो. नट कितीही घट्ट आवळला तरी ते थांबत नाही, कारण तार सरकलेलीच नसते. नट आणि ब्रिज यांच्यामधलं लाकूडच हललेलं असतं. उष्णतेचंही तेच. पोलादाची तार तापली की लांबते. मी गणित मांडून पाहिलं : सर्वांत बारीक तार दहा अंशांनी तापली तर तिचा सूर दहा ते पंधरा सेंट उतरतो. गुंडाळीच्या जाड तारा त्याहून जास्त उतरतात, कारण त्या मुळात कमी लांबलेल्या असतात. वातानुकूलित खोलीत लावलेली गिटार मंचावरच्या दिव्यांखाली गेली की हे पहिल्याच गाण्यात ऐकू येतं. फ्लॉइड रोझने घर्षण जिंकलं, पण हवा आणि लाकूड त्याच्या कक्षेत नव्हते.

हवा आणि लाकडाच्या या अडचणीवरचं उत्तर माझ्या टेबलावर आलं ते एका तरुण मेटलवादकाबरोबर. तो ठाण्याहून आला होता, स्वतःच्या खोलीत बँडची गाणी रेकॉर्ड करायचा. त्याच्याकडे ईएसपीच्या एलटीडी मालिकेतली गिटार होती आणि तिच्यावर कारखान्यातूनच एव्हरट्यून ब्रिज बसवलेला होता. "दादा, मला बेंड घेता येत नाहीत हिच्यावर. बिघडलाय का?" मी तार बोटाने वर ढकलली. चांगली दोन फ्रेटच्या अंतराचा स्वर मिळावा एवढी ढकलली. सूर तसूभरही चढला नाही. मग ट्यूनर फिरवला, अर्धा फेरा, एक फेरा. सूर तोच. इतकी वर्षं तारांशी खेळणाऱ्या माझ्या हातांना हे पटेना. ताण वाढवतोय आणि सूर वाढत नाही, हे निसर्गनियमाविरुद्ध वाटत होतं.

नियमाविरुद्ध काहीच नव्हतं. कॉसमॉस लाइल्स या अमेरिकी संशोधकाची ही कल्पना, आणि तिच्यात वीज, बॅटरी, मोटर यांतलं काहीही नाही. प्रत्येक तारेसाठी वेगळी सॅडल, आणि प्रत्येक सॅडलमागे तिची स्वतःची स्प्रिंग आणि तरफ. तार ताणली गेली की सॅडल तिच्या बाजूला झुकते, सैल पडली की मागे येते. स्प्रिंग जसजशी ताणली जाते तसतसा तिचा जोर वाढतो, हे खरं. पण तरफेची मांडणी अशी, की त्याच वेळी त्या जोराची भुजा कमी होत जाते. एक वाढतं, एक घटतं, आणि तारेवर पडणारी ओढ तीच राहते. ट्यूनर फिरवून तारेची लांबी बदलली, ताण नाही. लाकूड फुगलं, तार तापली, नटच्या खाचेत थोडी सरकली, तरी स्प्रिंग तेवढं अंतर गिळून टाकते. सूर ठरवायचा तो ब्रिजवर, ॲलन कीने, स्प्रिंगचा जोर कमीजास्त करून.

बेंड न लागण्याचं कारणही यातच होतं. या ब्रिजच्या वापरात तीन टप्पे मानतात. पहिल्यात तार इतकी सैल की सॅडल मागे टेकलेली, सूर उतरलेला. दुसऱ्यात सॅडल मधोमध तरंगते, सूर अढळ. तिसऱ्यात सॅडल पुढच्या टोकाला टेकते आणि तिथून पुढे हा ब्रिज साध्या ब्रिजसारखा वागतो : ताण वाढला की सूर चढतो. त्या मुलाच्या सगळ्या तारा दुसऱ्या टप्प्याच्या ऐन मध्यावर होत्या. मी बारीक तारा दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या सीमेवर आणल्या. ट्यूनर चढवत न्यायचा, सूर चढायला लागला की लगेच किंचित मागे घ्यायचा. आता बेंड घेतला तर चढत होता आणि सोडला तर नेमका जागेवर येत होता. जाड तारा मात्र त्याने मुद्दाम मध्यावरच ठेवायला सांगितल्या, आणि त्यामागचं कारण मला त्यानेच शिकवलं. मेटलमध्ये जाड तारा फार खालच्या सुरात लावतात आणि जोराने मारतात. जोराच्या प्रहाराने तार क्षणभर जास्त ताणली जाते, सूर आधी चढतो आणि मग खाली बसतो. एकट्या गिटारवर ते लक्षात येत नाही. पण रेकॉर्डिंगमध्ये तोच रिफ दोनदा-चारदा वाजवून एकावर एक ठेवतात, तेव्हा ते चढउतार एकमेकांना भिडतात आणि आवाज गढूळ होतो. एव्हरट्यूनवर प्रहाराचा ताण स्प्रिंग सोसते. त्याने मला दोन्ही गिटारींवरची रेकॉर्डिंग ऐकवली. दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक कॉर्ड स्वच्छ, भरीव, एकसंध होती. यंत्राची कमाल कानाने इतकी स्पष्ट ऐकू यावी, असं क्वचितच होतं.

या स्वच्छतेची किंमत आहे. जुन्या गिटारवर तो बसवायचा तर मोठा खण कोरावा लागतो, लाकूड पुन्हा भरून येत नाही. व्हॅमी बार मिळत नाही. वेगळ्या सुरात जायचं तर ट्यूनर पुरत नाहीत, ब्रिजशी की घेऊन बसावं लागतं. मनगटाच्या नाजूक दाबाने सूर हलवणाऱ्या, ब्लूज किंवा जॅझ वाजवणाऱ्या माझ्या काही मित्रांना त्यावर वाजवताना बोटाखालची तार परकी वाटते. त्यांचं म्हणणं मला पटतं. ज्याला सूर हलवायचा आहे त्याने फ्लॉइड किंवा साधा व्हॅमी बार घ्यावा, ज्याला तो अजिबात हलू द्यायचा नाही त्याने एव्हरट्यून. दोघांचा हेतू वेगळा, म्हणून रचना वेगळी. मूळ तत्त्व मात्र एकच आहे. धरायचं तिथे पूर्ण धरलं आहे, सोडायचं तिथे पूर्ण सोडलं आहे, आणि मधला भार समतोलावर टाकला आहे.

कोणत्याही ब्रिजच्या हाती नसलेली एक गोष्टही सांगायला हवी. तंबोरा नीट लागला की त्यातून न छेडलेला गंधार आपोआप उमटतो, स्वयंभू गंधार म्हणतात तो. गिटारच्या फ्रेट सप्तकाच्या बारा समान भागांवर ठोकलेल्या असतात, आणि त्या मापाने येणारा गंधार स्वयंभू गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा असतो. एव्हरट्यून तो चढा गंधारही तितक्याच निष्ठेने सांभाळतो. म्हणून मी सूर मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ट्यूनरच्या पडद्यावर सगळं हिरवं दिसल्यावरही गिटार लगेच परत करत नाही. वादकाला त्याच्या नेहमीच्या कॉर्ड वाजवायला सांगतो, आणि जी तार त्या कॉर्डमध्ये बोचते ती त्याच्या कानाने दोन-तीन सेंट उतरवून घेतो. सूर कोणता हवा हे कान ठरवतो. ठरलेला सूर टिकवणं एवढंच काम यंत्राचं, आणि ते या माणसांनी इतक्या निगुतीने केलं याबद्दल मला मनापासून आदर आहे.

अलीकडे काही मुलंमुली माझ्याकडे हे काम शिकायला येतात. त्यांना लगेच महागडे ब्रिज उघडायचे असतात. मी आधी साधी गिटार देतो आणि मार्करने रेघा काढायला लावतो. कुठली रेघ परत आली नाही ते शोधा, नटची खाच तारेच्या मापाने कापा, ट्यूनरवर तारेचे वेढे दोन-तीनच आणि एकाखाली एक घट्ट घ्या, नवी तार हाताने ताणून तिचा ढिलेपणा काढा, आणि मग सूर टिकतो का ते पाहा. महागडा ब्रिज बसवायच्या इराद्याने आलेल्या बहुतेक गिटारी एवढ्यावरच सुरात राहतात आणि वादकाचे पैसे वाचतात. ज्यांना खरोखर अधिक काही हवं असतं, त्यांच्यासाठी मग आम्ही मागचं झाकण काढतो. तोवर मुलांच्या बोटांना घर्षण कळू लागलेलं असतं, आणि धारेवर तोललेला फ्लॉइड रोझ काय किंवा स्प्रिंगवर तरंगणारा एव्हरट्यून काय, समजावून सांगायला मला फार बोलावं लागत नाही.